आमची वाटचाल : उद्यमनगरातून पाँटियाकच्या वेशीपर्यंत

बॅरियर ब्लू रंगाची १९६६ची अमेरिकन मोटार पाँटियाक जीटीओ आम्ही या महिन्यात विक्रीला काढली आहे. जुन्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करणाऱ्या आमच्या गॅरेजमधून पूर्ण होऊन निघणारी ही बारावी गाडी. चौकशीला मराठी माणसांचेही फोन येतात, आणि गाडीच्या आधी ते विचारतात, "तुम्ही या धंद्यात कसे आलात?" म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांचं इंजिन बोअरिंगचं दुकान होतं. ट्रक, ट्रॅक्टर, विहिरीवरची डिझेल इंजिनं, सगळं यायचं. शाळा सुटली की मी तिथेच. होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करणं, झालं की बाबा सिलिंडरच्या आत बोट फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "अजून लागतंय." मोजमाप त्यानंतर. पुढे इंजिनिअरिंग केलं, मिशिगनला आलो, डेट्रॉईटजवळ सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागलो. २००९ला नोकरी गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने पाँटियाक हा आपला गाड्यांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. आम्ही राहतो पाँटियाक शहराला लागून. शेजारचे आजोबा आयुष्यभर तिथल्या कारखान्यात दारं बसवत होते. त्यांनी ती बातमी मला अंगणात उभं राहून सांगितली आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांच्याच शेडमध्ये आमचं काम सुरू झालं. पत्र्यांमधली फट डोळ्यांनी कशी जोखायची, हे मला त्यांनी शिकवलं.

जीटीओच का, हे सांगायला हवं. १९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या विभागांना मोटार शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पाँटियाकच्या इंजिनिअरांनी ३८९ घन इंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन टेम्पेस्ट लमाँ या त्यांच्या मधल्या आकाराच्या गाडीत बसवलं. नवीन गाडी म्हटलं असतं तर वरून परवानगी लागली असती. म्हणून लमाँवर जादा पैसे देऊन घ्यायचं 'ऑप्शन पॅकेज' असं तिला नाव दिलं. १९६४ला अशा ३२,४५० गाड्या खपल्या. अमेरिकेतल्या 'मसल कार'चा, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत मोठं ताकदवान इंजिन घालायचा, काळ इथूनच सुरू झाला, असं बहुतेक जण मानतात. डेट्रॉईटहून पाँटियाकपर्यंत जाणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यूवर त्या काळी पोरं रात्री सिग्नलला गाड्या लावून वेग अजमावत. आजही ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची रांग लागते. आम्ही दरवर्षी जातो.

या 'ऑप्शन'नेच आम्हाला पहिला मोठा फटका दिला. १९६४ आणि १९६५च्या जीटीओला स्वतःचा वेगळा चेसिस नंबर नाही. तो साध्या लमाँचाच. आमची दुसरी गाडी १९६५ची. विकणाऱ्याने जीटीओ म्हणून दिली. बॉनेट, बिल्ले, आतली मांडणी, सगळं बरोबर दिसत होतं. बचतीतला मोठा भाग तिच्यात घातला, चौदा महिने राबलो. विकायच्या वेळी कारखान्याच्या बिलाची प्रत मागवली, तेव्हा कळलं की ती लमाँच होती आणि जीटीओचे भाग कोणीतरी नंतर चढवले होते. ती जीटीओ म्हणून विकता आली असती, घेणारा दारात उभा होता. बायकोने एका वाक्यात विषय संपवला : "आपल्याला जे झालं ते दुसऱ्याला करायचं नाही." आम्ही ती लमाँ म्हणून विकली, बराच तोटा सोसला. त्या दिवसापासून कागद आल्याशिवाय आम्ही गाडीला पाना लावत नाही.

१९६६पासून जीटीओ स्वतंत्र मालिका झाली, चेसिस नंबर २४२ने सुरू होऊ लागला. त्या एका वर्षात ९६,९४६ गाड्या गेल्या. आत्ताची आमची गाडी त्यातलीच, चार गिअरची, ट्राय-पॉवर. म्हणजे एका ओळीत तीन कार्बोरेटर, ३६० हॉर्सपॉवर. साध्या चालीत मधल्या एकट्यावर भागतं, पॅडल खोल दाबलं की पुढचा-मागचा दोन्ही उघडतात आणि आवाजाचा पोतच बदलतो. १९६७पासून कंपनीने पाँटियाकवर ही रचना बंद केली. माझ्या मते जीटीओचं सगळ्यात सुंदर वर्ष १९६६च.

ओहायोतल्या एका शेतावर ती मिळाली. छताला व्हिनाइलचं आवरण होतं आणि त्याखाली वर्षानुवर्षं ओल धरलेली. मागच्या काचेचे खालचे कोपरे बोटाने निघत होते. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने डिकीचा तळ आणि मागच्या दोन्ही बाजूंचे खालचे पत्रे खाल्ले होते. ते सगळं कापून नवीन पत्रा जोडला. लांबी (पुटी) भरून झाकणं सोपं होतं, पण दोन हिवाळ्यांत गंज पुन्हा वर येतो. फ्रेम, बॉनेट, दारं मूळची आहेत. कामाला दोन वर्षं चार महिने लागले. तारांचा सगळा जुडगा थोरल्या मुलीने बसवला, घड्याळासकट प्रत्येक दिवा लागतो.

इंजिन मी स्वतः केलं. मूळ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते) १०.७५ला १, ते त्या वेळच्या शिसेयुक्त जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. आज पंपावर ९३ ऑक्टेनचं मिळतं, त्यावर हे इंजिन चढावर ठोके देतं. म्हणून वाटीदार पिस्टन घालून कॉम्प्रेशन ९.५च्या आसपास आणलं आणि एक्झॉस्टला कडक वॉल्व्ह सीट बसवल्या. काही संग्राहकांना हे पटत नाही, त्यांची बाजूही मला समजते. पण गाडी चालवायची असेल तर हेच योग्य, असं माझं ठाम मत आहे. काढलेले पिस्टन खोक्यात ठेवले आहेत, ते गाडीबरोबरच देणार.

बायकोने केलेली फाइलही बरोबर जाते. त्यात बिलाची प्रत, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) पाटीचा फोटो, प्रत्येक सांध्याचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत. काय मूळचं, काय नवीन, ते पानागणिक लिहिलं आहे.

बघायला या, पण सकाळी लवकर या. आम्ही आधी इंजिन तापवून ठेवत नाही. बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करा, पॅडल एकदा पूर्ण दाबून सोडा म्हणजे चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) बसेल, आणि चावी तुम्हीच फिरवा.