आमची वाटचाल : कार्ड दुरुस्तीपासून बॅकअपपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात आमचं काम सुरू झालं ते कंट्रोल कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दुरुस्त करण्याचं. इचलकरंजीचे माग, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, शेतीपंपांचे स्टार्टर, येईल ते कार्ड घ्यायचो. रिले चिकटलाय, कपॅसिटर फुगलाय, ट्रॅक जळालाय. दुखणं बहुतेक डोळ्यांना दिसायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि पूर ओसरल्यावर चिखलानं भरलेली कार्डं पोत्यातून यायला लागली. धुऊन, वाळवून बरीच उठली. ज्यांचा मायक्रोकंट्रोलरच (प्रोग्रामवर चालणारी मुख्य चिप) गेला होता, तिथं नवी चिप बसवणं सोपं होतं. तिच्यात घालायचा प्रोग्राम मात्र कुणाकडंच नव्हता. कार्ड बनवणारा एक तर लांबच्या गावी, नाहीतर धंदा गुंडाळून बसलेला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला सांगतो, मशीन चालू आहे तोवरच कार्ड घेऊन या, प्रोग्रामची प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवू.

प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) जोडला, रीड दाबलं की बॅकअप झाला, असं लोकांना वाटतं. खरा वेळ जातो तो चिपला लॉक (प्रोग्राम वाचू न देणारी सोय) आहे की वायर सैल आहे, हे ओळखण्यात. म्हणून आधी चिपचा आयडी वाचायचा. तोच येत नसेल तर सप्लाय, ग्राउंड, रीसेटची वायर तपासायची. लॉकला दोष देण्यात अर्थ नाही. आयडी बरोबर येतोय आणि फाइलभर एफएफ (कोऱ्या मेमरीचा आकडा) आहे, तर चिप कोरी असू शकते. पिक जातीच्या चिपमधून नुसती शून्यं आली तर कोड प्रोटेक्ट, म्हणजे तिचा लॉक, लावलेला असण्याची शक्यता जास्त. एव्हीआर जातीच्या चिपचे लॉक बिट वेगळे वाचता येतात, ते फ्लॅशच्या (प्रोग्राम राहतो त्या मेमरीच्या) आधी बघायचे.

एसटीएम३२ जातीच्या चिपचं टूल रीड आउट प्रोटेक्शन, म्हणजे लॉक, आहे असं सरळ सांगतं, आणि ते काढायची सोयही तिथंच देतं. नवीन पोरांचा हात नेमका तिकडं जातो. हा लॉक लेव्हल १ वरून शून्यावर, म्हणजे उघड्यावर, आणला की सगळी फ्लॅश पुसली जाते. लॉक निघतो, प्रोग्रामही जातो. पिक, एव्हीआरचंही तेच, इरेज केल्याशिवाय लॉक निघत नाही. आणखी एक गंमत. लेव्हल १ च्या चिपला डीबगर (चिपच्या आत डोकावायचं उपकरण) जोडला की कार्ड मख्ख होऊन बसतं, डीबगर काढला तरी. कार्ड मेलं म्हणून घाबरू नये. सप्लाय पूर्ण काढून परत द्यायचा. नुसत्या रीसेटनं भागत नाही.

लॉक तोडून देतो म्हणणारे बाजारात आहेत. आम्ही त्या वाटेला जात नाही, प्रोग्राम ज्याचा त्याचा. चिपचा पूर्ण नंबर, बोर्डाचं व्हर्जन, दोन्ही बाजूंचे फोटो घेतो आणि गिऱ्हाइकाकडून मूळ बनवणाऱ्याला हेक्स फाइलसाठी (चिपमध्ये घालायच्या प्रोग्रामच्या फाइलसाठी) लेखी मागणी करायला लावतो. शेजारी २४सी मालिकेची वेगळी मेमरी असेल तर ती मात्र आधी वाचून ठेवतो. मायक्रोकंट्रोलरचा लॉक तिला लागू नसतो, आणि वजनकाट्याच्या कार्डात लोडसेलचं (वजन मोजणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन बऱ्याचदा तिथंच असतं. प्रोग्राम मिळाला आणि हे आकडे नसले तर काटा चालू होतो, पण वजन चुकीचं दाखवतो.

आता आम्ही स्वतःची पंप कंट्रोलर कार्डंही बनवतो. त्यांना लॉक लावतो, पण लेव्हल १ चाच. लेव्हल २ कायमचा. पुढं डीबगर आम्हालाही आत घेत नाही, मग दुरुस्तीला आलेल्या कार्डाचं करायचं काय? ऑर्डर मोठी असेल तर हेक्स फाइल आणि तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा आकडा) सहीनिशी गिऱ्हाइकाच्या हवाली करतो.