मार्कही कापता आणि लिहायलाही लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टाफरूममध्ये, पालकसभेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत ताटावर बसलेली असताना हाच प्रश्न आला: ‘मॅडम, उत्तरात विकिपीडियाचा संदर्भ दिला की तुम्ही मार्क कापता. मग त्याच विकिपीडियावर पोरांना लिहायला का लावता?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘सापडलात’ असा भाव असतो.

यात विसंगती नाही. जिथून पुढे शोधायला निघायचं, तिथेच विकिपीडियाचा संदर्भ देणारा विद्यार्थी थांबलेला असतो. लिहिणाऱ्याला तसं थांबता येत नाही. प्रत्येक वाक्याला ‘हे कुठून आणलंस?’ म्हणून विचारणारं कोणीतरी तिकडे बसलेलं असतं, आणि ती मी नसते. माझे लाल शेरे मुलं वाचतही नाहीत. अनोळखी माणसाने लावलेलं ‘संदर्भ हवा’ मात्र झोंबतं. शिवाय कोणी कोणत्या मिनिटाला काय बदललं ते पानाच्या इतिहासात दिसतं. गटातल्या एकाने लिहायचं आणि चौघांनी सह्या करायच्या, हा आपला जुना रिवाज तिथे चालत नाही.

एवढं बोललं की कोणीतरी पुण्याचा विषय काढतं. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावर लिहून घेण्याचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी इकडून तिकडून उचलून इतका मजकूर चिकटवला की तो निस्तरता निस्तरता जुने संपादक मेटाकुटीला आले आणि प्रयोग त्याच वर्षी गुंडाळावा लागला. खरं आहे. पण आपल्या मुलांच्या जर्नल्समध्ये ही उचलेगिरी वर्षानुवर्षं चालतच होती की. पकडायला कोणी नव्हतं, एवढंच.

इथपर्यंतची माझी बाजू मला पाठ आहे. अडतं ते घोंगडीपाशी.

एस.वाय.च्या एका मुलीने तो विषय घेतला. घरी खड्डामाग, वडील विणायचे. चिंचोके भिजवून, वाटून खळ कशी शिजवतात, ती कुंच्याने ताण्यावर कशी फिरवतात, वाळल्यावर लोकर कशी ताठ होते, असा परिच्छेद तिने धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिहिला. मराठी विषयाच्या वर्गात असं गद्य क्वचित मिळतं. तो लेखात गेला आणि दुसऱ्या दिवशी उडाला. कारण एका ओळीचं: संदर्भ नाही, मूळ संशोधन, म्हणजे आधी कुठे प्रकाशित न झालेली माहिती.

ती चर्चापानावर गेली, लेखाबद्दलचे वाद जिथे होतात तिथे. ‘आमच्या घरी हेच करतात, या आणि बघा.’ उत्तर सभ्य होतं: घरची माहिती पडताळता येत नाही, प्रकाशित स्रोत द्या. नियम तोच, जो मी वर्गात शिकवते. मग तिच्या मैत्रिणी संगणक कक्षात बसून एकेक करून तिथे लिहू लागल्या, ‘परिच्छेद ठेवावा.’ सगळ्या एकाच इंटरनेट जोडणीवरून. मी सांगितलं नव्हतं, पण ऐकतं कोण! एकच व्यक्ती अनेक खाती चालवतेय असा संशय आला आणि मुलीचं खातं बंद झालं.

मी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर खुलासा केला, तेव्हा खातं पुन्हा सुरू झालं. दरम्यान आम्ही दोघींनी ग्रंथालय पालथं घातलं. एका पुस्तकात घोंगडीवर चार ओळी सापडल्या. खळीचा उल्लेखच नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, यांनी माग बघितलेला नाही. पण यांचं चालतं.’ मग तिने साधा निबंध मागून घेतला.

माझ्या तक्त्यात लेखात टिकलेल्या मजकुराला गुण होते. तिचं सगळ्यात धारदार लेखन चर्चापानावर होतं आणि त्याला रकानाच नव्हता. मी तक्ता मोडून गुण दिले. एका मुलाने तक्रार केली. त्याचंही बरोबर होतं.

पूर्वी मी तावातावाने सांगायचे की एकट्या मास्तरसाठी लिहिणं हे लिहिणंच नव्हे, मुलांना जगापुढे लिहू द्या. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, एकोणीस वर्षांच्या पोरीला वीस गुणांसाठी परक्यांसमोर उभं करायचा अधिकार तुला कोणी दिला? आणि ज्याने परिच्छेद काढला, तो तरी कोण? आपला वेळ घालून, फुकट, माझ्या वर्गाच्या वह्या तपासणारा माणूस. त्याला तरी कुठे विचारलं होतं?

ती बाईही गप्प बसणारी नाही. म्हणते, मागाच्या बाजूने एवढं भांडायला त्या मुलीला तुझ्या कुठल्या निबंधाने शिकवलं असतं?

आता मी पर्याय ठेवते: विकिपीडिया किंवा कागद. चर्चापानालाही रकाना आहे. विकिपीडिया घेणारी बहुतेक घरी लॅपटॉप असलेली मुलं असतात. ज्यांच्या घरी माग, भट्टी, चाक आहे, ती कागद मागतात.

एका सहकाऱ्याने सुचवलं की मुलांचे असे परिच्छेद महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापायचे आणि तोच अंक स्रोत म्हणून द्यायचा. आपणच छापायचं, आपणच दाखला द्यायचा, ही मला लबाडी वाटली. अजूनही वाटते, पण पूर्वीइतकी नाही.