डिझायनर लोकांसाठी वारली चित्रांचा ट्रेड रेट ठरवला, त्याचा माझा अनुभव

मी वसईला राहते. डहाणू तालुक्यातल्या दोन वारली कलाकारांच्या घरून चित्रं आणते, फ्रेम करते आणि विकते. पहिली तीन वर्षं गिऱ्हाईक म्हणजे ओळखीतले लोक, नवीन घर घेतलेली जोडपी वगैरे. मग एका इंटिरिअर डिझायनर मॅडमचा फोन आला, ठाण्यातल्या फ्लॅटसाठी सहा चित्रं हवीत, आणि पहिलाच प्रश्न, "तुमचा ट्रेड रेट काय?" म्हणजे डिझायनरसारख्या व्यावसायिकांना द्यायचा कमी दर. माझा असा काही रेट नव्हताच. घाईघाईत बोलून गेले, वीस टक्के कमी करते.

हिशोब रात्री केला. २ बाय ३ फुटाचं चित्र तेव्हा ७,००० ला विकायचे. त्यातले दादांचे ३,५०० (दोन्ही कलाकारांना मी दादाच म्हणते), फ्रेमवाल्याचे पट्टी, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार), ॲक्रिलिक धरून १,४०० आणि पॅकिंगचे ३००. म्हणजे ५,२०० खर्चच. वीस टक्के सोडले की हातात ५,६००, उरले ४००, आणि टेम्पोचं भाडं अजून द्यायचंय! सूट नफ्यावर नाही, अख्ख्या किमतीवर जाते हे मला तोपर्यंत नीट कळलंच नव्हतं, १,८०० च्या नफ्यातले १,४०० एका शब्दात गेले. शब्द दिला होता म्हणून ऑर्डर पूर्ण केली, पण त्या महिन्यात घरी खूप वाईट वाटत होतं.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, सहा एकदम घेतेस तर दादांना कमी करायला लाव. ते मी केलं नाही आणि करणारही नाही. फ्रेमवाला सहा पट्ट्या एकदम कापतो, त्याचा वेळ वाचतो, त्याच्याशी मी भांडून १,४०० चे १,२५० केले. पण चित्राचं तसं नसतं हो. कापडावर आधी शेणाचा, गेरूचा हात, तो वाळला की बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेला ब्रश, आणि मग टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे एक माणूस, त्याला डोकं, हात, पाय. एकदा एका तारपा नाचातली (तारपा हे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) माणसं मी बसून मोजली, १४० भरली. सहा चित्रं घेतली म्हणून सहाव्यातली माणसं कमी होत नाहीत.

मग किंमतच नव्याने बांधली. तेच चित्र सगळ्यांसाठी ८,४००. डिझायनरला २० टक्के सूट, म्हणजे ६,७२०. एका साइटला पाच किंवा जास्त घेतली तर २५, म्हणजे ६,३००, कारण तेव्हा एकच टेम्पो लागतो आणि फ्रेमवाल्याकडेही वाचतात. रेट वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती, दोघंतिघं गेलीही, पण आधीच्या किमतीत मी माझी मेहनत धरलेलीच नव्हती.

इन्स्टाग्रामवर जो भाव दिसतो तोच मी डिझायनरच्या क्लायंटला सांगते, त्याच्या खाली कधीच जात नाही. एका घरमालकाने चित्रामागचं लेबल बघून थेट मेसेज केला, डिझायनरला सोडा, मला तिच्या रेटने द्या. मी नाही म्हटलं आणि त्या मॅडमना स्वतः फोन करून सांगितलं. तेव्हापासून त्या दर प्रोजेक्टला आधी मला विचारतात.

उलटा प्रकारही झाला. एका डिझायनरने सांगितलं, क्लायंटला पूर्ण किमतीचं बिल द्या, माझे वीस टक्के नंतर वेगळे द्या. हे मला पटत नाही. सूट बिलावरच दाखवली की जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो आणि सगळं कागदावर स्वच्छ राहतं. ज्याला आपलं मार्जिन ठेवायचंय त्याने माझ्याकडून विकत घ्यावं आणि स्वतःच्या बिलात लावावं, माझी काहीच हरकत नाही.

जीएसटी नंबर मी याच कामासाठी घेतला. नुसत्या माल विक्रीला आपल्याकडे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्ती नाही, पण नंबर नसेल तर डिझायनरला क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, मग ते दुसरीकडे जातात. हाताने काढलेलं चित्र जीएसटीच्या ९७०१ या एचएसएन कोडमध्ये येतं, छापील प्रिंट ४९११ मध्ये, बिल करताना हे दोन मिसळू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये हाताच्या चित्रांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा खूप फायदा झाला.

पैशाचं म्हणाल तर निम्मे ॲडव्हान्स, उरलेले माल निघायच्या आधी. सुरुवातीला मी "साइट तयार झाली की द्या" म्हणायचे. एका साइटचं पझेशन लांबलं, आठ चित्रं जून ते सप्टेंबर माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकून, आणि वसईचा पावसाळा! दोन कापडांवर बुरशीचे ठिपके आले, ती परत काढून घ्यावी लागली, पूर्ण मजुरी देऊन. आता १५ दिवसांपेक्षा जास्त माल ठेवत नाही, ते रेटच्या पीडीएफमध्येच लिहिलंय.

आणखी एक वाद सांगायलाच हवा. एका डिझायनरला तारपा नाच पूर्ण गोल हवा होता, सोफ्याच्या मधोमध, सिमेट्री म्हणून. दादांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "ताई, नाच असा बंद होत नाही, तारपावाल्याच्या मागे माणसं जात राहतात." मी तेच त्यांना कळवलं. सूट मागा, साइझ बदला, बॅकग्राउंड गेरूऐवजी शेवाळी मागा, ते दादा करून देतात. पण नाच मोडायचा नाही आणि दादांची सही माउंटखाली लपवायची नाही. त्या डिझायनरनी दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं.

सध्या चार डिझायनर नियमित आहेत. जीएसटी नंबर किंवा दोन झालेल्या साइट्सचे फोटो बघितल्याशिवाय ट्रेड रेट पाठवत नाही, कारण स्वतःच्या हॉलसाठी "मी डिझायनरच आहे" म्हणणारे बरेच येतात. दिवाळीनंतर दोन्ही दादांना त्यांचा नवीन दर विचारायचाय, मग पीडीएफ बदलेन. तोवर वरचेच रेट चालू आहेत.