बर्फाखालचे ट्राउट आणि मालकाचं 'थांबा'

मासे सोडलेल्या खासगी तळ्यावर बर्फाला भोक पाडून ट्राउट धरायचे, तर परवानगी आणि पैसे एका फोनवर उरकतात. तळं खासगी असलं तरी सरकारी परवाना लागतो का, हे तिथल्या कायद्यावर आहे. तेवढं त्याच फोनवर विचारा. अडकायला होतं ते पुढे, मालकाच्या 'थांबा'पाशी. पारा शून्याच्या खाली, तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं, आणि उत्तर रोज तेच: थांबा. बर्फ किती जाड झाला, कुठे मोजला, काही सांगायचं नाही. थांबायला माझी ना नाही, पण आकडा सांगायला काय जातं?

कारण बहुतेक वेळा एरेटर असतं, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा पंप. बर्फावर हिम साचलं की खाली उजेड पोचत नाही, पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो आणि तळाचा कुजणारा पाला असलेलाही संपवतो. ट्राउटला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून मालक तो पंप चालू ठेवतो. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, त्यामुळे हिवाळ्यात त्यातल्या त्यात उबदार पाणी तळाशी बसतं. एरेटरचे बुडबुडे तेच वर आणतात आणि बर्फ खालून झिजत जातो. उघडं पाणी दिसतंय तोवर माणूस लांब राहतो. पंप बंद झाला की तिथे पापुद्रा धरतो, वर हिम पडतं आणि सगळं तळं एकसारखं दिसू लागतं. धोका खरा तिथे आहे.

म्हणून मालकाला नेमकं विचारा: एरेटर कुठे बसवलंय, शेवटचं कधी चाललं, आणि जाडी कुठल्या ठिकाणी मोजली? काठावर मोजलेला आकडा मध्यभागी कामाचा नाही. पायी जायला स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान 10 सेंमी हवा. दुधी, पांढरा बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, त्यामुळे तो दुप्पट जाड लागतो. मधल्या चिखलासारख्या बर्फाचा थर धरायचाच नाही. मोजायला पट्टीच्या टोकाला आडवा खिळा ठोका, भोकातून खाली सोडा आणि खिळा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून वाचा. अंदाजाने मोजलं की आकडा हमखास फुगतो.

मालकाने होकार दिला तरी चालताना पुढे पहार मारत जायचं. जोराच्या घावाला पहार आरपार गेली, तर आल्या पावली मागे. झरा, पाण्याची आवक, लव्हाळी, पाण्यात रोवलेले खांब यांच्याजवळ बर्फ पातळच असतो. गळ्यात बर्फाचे टोचे हवेत, म्हणजे पडलात तर कडेत रुतवून वर येता येतं. एकट्याने जाऊ नका.

यानंतरचं काम सोपं. गिरमिटाने 15 सेंमीचं भोक पुरतं, मोठे मासे सोडले असतील तर 20. उथळ तळ्यात आवाजाने मासे बिचकतात, म्हणून सगळी भोकं आधीच पाडून ठेवा, झाऱ्याने चुरा काढा आणि मग शांत बसा. गळ तळाशी सोडायची सवय इथे मोडावी लागते. ट्राउट बऱ्याचदा बर्फाखाली मीटरभरावरच फिरतात. तिथून सुरुवात करून थोडं थोडं खाली जा. लाइन 2 ते 4 पौंडी (म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी), गळ 10 ते 14 नंबरचा, लहान जिग (डोक्याला वजन असलेला गळ). पाळलेला मासा खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेला असतो, म्हणून लहान, गोलसर आमिष त्याला ओळखीचं वाटतं, मेणकिडाही (मेणपतंगाची अळी) चालतो. जोरात नाचवू नका. किंचित हलवून स्थिर धरलं की तो बहुतेक त्या थांबण्यातच घेतो.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा लाइन सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवा. मासे सुटतात ते जास्त करून भोकापाशी: बर्फाच्या खालच्या धारदार कडेवर लाइन घासते आणि तुटते. मासा आडवा पळाला तर रॉडचं टोक भोकातून पाण्यात खुपसा, म्हणजे लाइन कडेपासून सुटी राहते. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तरी उपाय तोच, टोक पाण्यात बुडवायचं. खरवडलं तर कडी मोडू शकते.

आणि हो, धरलेला मासा परत सोडायला परवानगी आहे का, हेही पैसे देण्याआधी विचारा; काही तळ्यांवर धरला तो घ्यायचाच आणि लांबीवर किंवा वजनावर पैसे मोजायचे. सोडायचा असेल तर त्याला बर्फावर ठेवू नका, कडाक्याच्या थंडीत कल्ले आणि डोळे गोठतात. गळ पाण्यातच काढा. निघताना प्रत्येक भोकात एक फांदी उभी करा, नाहीतर पुढच्या माणसाचा पाय त्यात जाईल.