बरी असतानाच लिहून ठेवलं

मला बायपोलर हा मानसिक आजार आहे. एरवी मी इंदूरच्या रामबागेतल्या घरी शिकवण्या घेते. मधूनच कधी झोप उडते, तोंडाला खळ राहत नाही, ऑनलाइन खरेदीला ऊत येतो. मग सगळं ठरवतात घरचे आणि डॉक्टर: कुठे न्यायचं, कोणतं इंजेक्शन, कधी सोडायचं. त्यांचं दरवेळी चुकतं असं नाही. पण मला विचारावं असं कुणाच्या मनात येत नाही, आणि मी बरी झाले की तो विषयच घरात कुणाला नको असतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात यावर सोय आहे, अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्हची. उपचार कसे हवेत आणि कसे नकोत, हे आपलं डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवायचं. निर्णय घेण्याची क्षमता गेली की तो कागद लागू होतो. त्यातच आपला प्रतिनिधीही नेमता येतो. ठरलेला नमुना, दोन साक्षीदारांच्या सह्या. मी वकील लावला नाही.

फॉर्म तासाभरात झाला असता. महाभारत झालं ते प्रतिनिधीच्या नावावरून. मी वहिनीचं नाव घातलं.

दादा म्हणाला, "बिलं मी भरतो, रात्री-अपरात्री गाडी मी काढतो, आणि नाव हिचं?"

"मी दोन रात्री झोपले नाही हे तिला कळतं. तुला कार्डाचा मेसेज आल्यावर कळतं."

त्या दिवशी दादाने पोहे शेव न घालता खाल्ले. आमच्याकडे याहून मोठा निषेध नसतो.

वहिनीने मात्र मला समोर बसवून एकेक मुद्दा उकरून काढला. "औषध नको" एवढंच लिहून चालणार नाही, कोणतं आणि का ते लिही, म्हणाली. मग लिहिलं: हॅलोपेरिडॉल नको, मागे मान वाकडी होऊन जबडा आवळला होता. लिथियम चालेल, पण रक्तातली पातळी तपासून. फोन काढून घ्या, पण शेजाऱ्यांसमोर हिसकावून नको. माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना "तब्येत बरी नाही" एवढंच सांगा.

डॉक्टर आधी जरा दुखावले. "आमच्यावर भरवसा नाही का?" पण कागद वाचता वाचता त्यांचा सूर बदलला. मी "शॉक नको" लिहिलं होतं, म्हणजे मेंदूला विजेचे झटके देण्याचा उपचार. त्यांनी विचारलं, भूल देऊनही नको? भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला कायद्यानेच मनाई आहे, आणि इमर्जन्सीतही तो देता येत नाही. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी मी ओळ बदलली: भूल देऊन, वहिनीला आधी सगळं समजावून सांगून, आणि औषधांनी भागत नसेल तरच. इतकी वर्षं जाते त्यांच्याकडे, पण कोणत्या उपचारावर आम्ही दोघांनी वाद घातला असं पहिल्यांदाच झालं.

या कागदाच्या मर्यादाही आहेत. जीव वाचवायच्या तातडीच्या उपचाराला तो आडवा येत नाही. डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना तो पाळायचा नसेल, तर त्यांना मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जावं लागतं. नुसतं "ती भ्रमात आहे" म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या सहा जणांच्या मंडळात दोन जागा मनोरुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांसाठी ठेवलेल्या आहेत. सरकारी हॉस्पिटलांच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या रोगी कल्याण समितीची कल्पना १९९४-९५ च्या सुमारास आमच्याच एम. वाय. हॉस्पिटलातून निघाली, याचा इंदूरकरांना अभिमान आहे. पण अशा समित्यांत नावात रोगी आणि खुर्च्यांवर साहेब, असंच बहुधा दिसतं. इथे निदान जागा कायद्यात लिहिलेली आहे.

गरज पडेल तेव्हा कागद डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं ही आपली आणि प्रतिनिधीची जबाबदारी असते. म्हणून एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला, एक वहिनीच्या पर्समध्ये, आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये.

वहिनी माहेरी गेली असली तर कोण, हा रकाना अजून मोकळा आहे. दादाचं नाव टाकायला माझी हरकत नाही. आधी अख्खा कागद वाच, एवढीच अट घातली आहे. तो तिसऱ्या पानावर अडलाय, फोनच्या मुद्द्यावर.