ओहोस देल सालादोचा घसारा

सह्याद्रीत वीस वर्षे भटकल्यामुळे घसारा, म्हणजे पायाखालून निसटणाऱ्या सुट्या दगडांचा उतार, आपल्याला चांगला ठाऊक आहे, हा माझा समज ओहोस देल सालादोच्या उतारावर पहिल्या तासातच गळून पडला. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील हा ६,८९३ मीटर उंचीचा पर्वत जगातील सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी मानला जातो. चिलीतल्या कोपियापो शहरातून निघून लागुना वेर्दे सरोवराकाठी विरळ हवेची सवय करण्यात गेलेले दिवस डोकेदुखीखेरीज फारसे आठवत नाहीत.

जीप थेट ५,८०० मीटरच्या आसपास असलेल्या तेहोस निवाऱ्यापर्यंत चढते, हे मला मुळीच रुचले नव्हते आणि तसे मी सोबत्यांना दोनदा ऐकवलेही होते.

तेथून पुढे मात्र पाऊलभर चढावे आणि अर्धे पाऊल घसरावे, असे सात तास चालले. प्रशांत महासागराच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकताना सोबत नेलेले पाणी खोलवर सोडतो, त्यामुळे तेथील खडक कमी तापमानाला वितळतो आणि तो शिलारस वर येईपर्यंत त्यातील सिलिकाचे, म्हणजे त्याला चिकट करणाऱ्या घटकाचे, प्रमाण वाढते. आपल्या दख्खनचा पातळ बेसॉल्ट लाव्हा दूरवर पसरून थरांवर थर रचत गेला. येथील डेसाइट या सिलिकायुक्त खडकाचा लाव्हा इतका चिकट, की तो मुखाजवळच साचतो. भेगांतल्या पाण्याच्या गोठण्या-वितळण्याने फुटलेल्या त्या दगडांना धरून ठेवायला येथे गवताचे एक मूळही नाही. हवा एवढी कोरडी आहे, की बर्फाचाही बराचसा भाग पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो आणि मागे उरतात ते नुसते बर्फाचे धारदार सुळके.

विवराच्या काठापलीकडे शेवटचा कातळटप्पा आला, तेव्हा सात तासांत प्रथमच हाताला न हलणारा दगड लागला. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मी असा टप्पा बोलत बोलत चढलो असतो. येथे एका पकडीसाठी चार श्वास लागत होते, वर बांधलेल्या जुन्या दोरांपैकी भरवशाचा कोणता ते कळेना, आणि १९३७ मध्ये येथे प्रथम पोहोचलेल्या दोघा पोलिश गिर्यारोहकांना तर असा एकही दोर आयता मिळाला नव्हता, हे आठवून मला माझीच लाज वाटली. तरीही मी तेथूनच मागे फिरलो.

सात तासांचा चढ दीड तासात घसरत उतरलो. निवाऱ्यापाशी जीपचे दार उघडेच होते. बुटांतले खडेही न झटकता मी मुकाट्याने आत जाऊन बसलो.