उत्तराचा रकाना

जुनी वही फाटली म्हणून मावशींनी नवी केली, आणि नव्या वहीत माझी विनंती उतरलीच नाही. झालंय ते एवढंच. गुरुवारपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आमच्या चर्चमधल्या भगिनी मंडळाच्या त्या प्रार्थनेच्या वहीत तीन रकाने असतात. नाव, विनंती, उत्तर. उत्तर मिळालं की मावशी लाल पेनानं तारीख टाकतात आणि आम्ही सगळ्याजणी स्तुतीचं गाणं म्हणतो. जुन्या वहीत माझ्या ओळीच्या वर-खाली लाल तारखाच होत्या. कोणाचं ऑपरेशन नीट झालं, कोणाच्या पोराला अमरावतीला नोकरी लागली, कोणाची सोयरीक जमली. माझ्या ओळीपुढं कागद कोरा. कधीतरी प्रार्थनेच्या वेळी लाईट गेली तेव्हा तिथं मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. त्याचा तेलकट डाग पलीकडच्या पानापर्यंत उतरला होता. वही उघडली की मी आधी तो डाग शोधायची.

मावशी नावं वाचत गेल्या, आम्ही आमेन म्हणत गेलो, वही मिटली. कोणाच्या लक्षात आलं नाही. की आलं, आणि कोणी बोललं नाही?

मावशी मुद्दाम काही करणाऱ्यातल्या नाहीत. रात्री बसून उतरवलं असेल, एखादी ओळ सुटली असेल. असं मी स्वतःला समजावते आणि लगेच दुसरं मनात येतं. उतरवताना हात माझ्या नावावर आला असेल आणि त्यांना वाटलं असेल, जाऊ दे, आता वय झालं, दर गुरुवारी पोरीला चारचौघींत कशाला उघडं पाडायचं. दया येऊन वगळलं असेल तर ते मला विसरण्यापेक्षा जड जातं. म्हणजे माझ्यासाठी आशा धरणाऱ्यांनी माझ्या आधीच हात टेकले. मी इकडे रोज मागते आहे आणि माझ्यामागं आता कोणीच उभं नाही.

सासूबाई काय म्हणाल्या ते इथं लिहीत नाही.

त्यातच रविवारचा उपदेश. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, सध्या सगळ्यांनी संत्र्याचं पाणी तोडलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, ताण बसल्याशिवाय झाड फुलत नाही, देवही आपल्याला असाच ताण देतो. सगळ्यांच्या माना हलल्या, मंडळीत निम्मी घरं संत्रावाल्यांची. माझी मान हलली नाही. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो, आमच्या काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने जातात, आणि मधेच अवकाळी पाणी पडलं की सगळं वाया. हे रोज सकाळी बागेत जातात. पानं हातात घेऊन बघतात, किती सुकली, किती गळली, बुडाशी माती उकरून ओल बघतात. कारण ताण जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. मग फूल तर नाहीच, झाडही हातचं जातं. बागवान दिवस मोजत असतो म्हणून झाड वाचतं. माझे दिवस कोण मोजतं? आणि पाणी सोडूनही जे झाड फुटलं नाही, त्याबद्दल उपदेशात काय सांगायचं? पाळकसाहेब मनापासून बोलत होते, हे मला माहीत आहे. पण फळासाठीच दुःख दिलं असं म्हटलं, की ज्याला फळ आलं नाही त्याचं दुःख फुकट गेलं असा अर्थ होतो. माझी ही सगळी वर्षं फुकट गेली असं मी मानायला तयार नाही.

बायबलातल्या हन्नाची, मूल होत नव्हतं त्या बाईची, गोष्ट तर मला इतक्या जणींनी सांगितली आहे. धीर धर, हन्नाला शमुवेल झाला. मी हं म्हणते. काल रात्री झोप येईना म्हणून तोच अध्याय काढला. ती शिलोच्या मंदिरात ओठ हलवत इतकी रडली की एली याजकाला ती प्यायलेली वाटली. मग तिनं सांगितलं, मी दुःखी बाई आहे, देवापुढं मन मोकळं करते आहे. तो म्हणाला, शांतीनं जा. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल अजून पोटातही नव्हता! इतक्या वेळा वाचून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिला त्या क्षणी मिळालं काय, तर एका म्हाताऱ्यानं तिचं ऐकलं आणि तिच्या मागण्यात आपला शब्द मिळवला. तेवढ्यावर ती जेवली.

मग उगाच पानं चाळत 88व्या स्तोत्राशी आले. बाकीची रडकी स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरीही ते 150 स्तोत्रांत आहे. कोणीतरी उतरवून घेताना ते गाळलं नाही. उत्तर न मिळालेली प्रार्थना देवानं आपल्या पुस्तकात तशीच राहू दिली. हे वाचून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आपल्या टिळकांची रेल्वेतली गोष्ट आजोबा सांगायचे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब भेटला, बोलणं झालं, त्यानं बायबलातला नवा करार हातात दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 1895च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो साहेब कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या माणसानं पुढं टिळकांसाठी प्रार्थना केली असेलच. त्याचा तो रकाना कोराच राहिला असेल का? बायबलात इब्री लोकांस पत्रात अकराव्या अध्यायात अशीच माणसं आहेत, ज्यांना वचन दिलं ते हाती आलं नाही, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि विश्वासात मेली. पण त्यांच्या मोठ्या गोष्टी होत्या. देश, नगर. मला काय हवं होतं, तर...

राहू दे.

डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून झालं आहे. या जन्मी ती ओळ कोरीच राहील, हे मी आता मोठ्यानं म्हणू शकते. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, यावर माझी आशा उभी आहे, पाळण्यावर नाही. हेही म्हणू शकते, आणि काल रात्री म्हणताना ते मला खरं वाटलं. पण इच्छा मेली असं मी म्हणणार नाही. ती जिवंत आहे आणि ती मी देवापासून लपवून ठेवली तर त्याच्याशी बोलायला माझ्याकडं खरं असं फार थोडं उरेल.

ह्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तूच लिहून टाक ना वहीत. पेन त पेनच हाय.”

“माह्या अक्षरात नाही पाह्यजे,” मी म्हटलं. “मावशीच्या अक्षरात पाह्यजे.”

ते समजले असावेत. “मंग सांग त्याइले,” एवढंच म्हणाले.

शनिवारी नाताळच्या करंज्या करायला मावशींकडं जायचं आहे. बाकीच्या यायच्या आत जाईन. मावशी बहुतेक म्हणतील, आता समाधान मिळो असं लिहू का? समाधान मलाही हवंच आहे. त्याची वेगळी ओळ लिहा म्हणेन, आणि जुनी होती त्याच शब्दांत तिच्या वर लिहा.